प्रार्थनेची मजुरी लगेच चुकती करणारे चित्रपट

लेंटच्या काळात, म्हणजे राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंतच्या आठवड्यांत, चर्चच्या हॉलमध्ये पडदा लावून ख्रिस्ती चित्रपट दाखवण्याची पद्धत आता आपल्याकडे चांगलीच रुळली आहे. मल्टिप्लेक्समध्ये असे चित्रपट क्वचितच लागतात, त्यामुळे ते पाहायचे तर चर्चचा हॉल किंवा हातातला मोबाईल एवढेच पर्याय उरतात. नाशिकमधल्या एका चर्चने यंदा अशी मालिका ठेवली होती. प्रवेश विनामूल्य, दाराशी दानपेटी, चित्रपटानंतर चहा आणि पाळकांबरोबर अर्ध्या तासाची चर्चा, असे तिचे स्वरूप होते. निवड तरुण संघाची होती आणि बहुतेक चित्रपट अमेरिकन होते. असे चित्रपट एकापाठोपाठ एक पाहिले की या प्रकाराची ताकदही कळते आणि खोटही. एखादाच पाहिला तर दोन्ही निसटून जातात. म्हणून हे परीक्षण एका चित्रपटाचे नसून संपूर्ण मालिकेचे आहे.

या मालिकेत सर्वांत जास्त वाटा केंड्रिक बंधू या अमेरिकन चित्रपटकारांच्या चित्रपटांचा होता, आणि ते समजण्यासारखे आहे. अमेरिकेतील जॉर्जिया राज्यातल्या ऑल्बनी शहरातील शेरवूड बॅप्टिस्ट चर्चने या बंधूंच्या हातून स्वतःच्या बळावर चित्रपट काढायला सुरुवात केली, आणि त्या उपक्रमातून २००६ साली आलेला 'फेसिंग द जायंट्स' सुमारे १ लाख डॉलर खर्चात तयार झाला. त्यात कामे करणारे बहुतेक जण त्या मंडळीतलेच स्वयंसेवक होते. या चित्रपटाने सुमारे १ कोटी डॉलर मिळवले आणि चर्चच्या वर्गणीतून चित्रपट उभा राहू शकतो, हे सिद्ध केले. ही गोष्ट कौतुकाचीच आहे. चित्रपटातला एक प्रसंगही खरोखर जमून आला आहे. फुटबॉल संघाचा प्रशिक्षक एका आळशी खेळाडूच्या डोळ्यांवर पट्टी बांधतो आणि पाठीवर दुसऱ्या मुलाला घेऊन त्याला हातापायांवर रांगत पुढे जायला लावतो. मैदानाचा मध्य गाठला तरी पुष्कळ, असे त्या मुलाला वाटत असते; प्रशिक्षक शेजारी गुडघ्यांवर सरकत ओरडत राहतो, आणि पट्टी सुटते तेव्हा मुलगा मैदानाच्या पार शेवटच्या रेषेवर पोहोचलेला असतो. नवख्या कलावंतांकडून आणि तुटपुंज्या साधनांतून इतका ताण निर्माण झालेला पाहून हॉलमधली मुलेसुद्धा मोबाईल खाली ठेवून बसली होती.

गोष्ट पुढे जाते तशी खोट दिसू लागते. प्रशिक्षकाचा संघ हरत असतो, गाडी बंद पडत असते, घर मोडकळीला आलेले असते आणि त्याला मूल होणार नाही असे डॉक्टरांनी सांगितलेले असते. तो गुडघे टेकतो, देवाला शरण जातो, आणि त्यानंतर संघ राज्याचे अजिंक्यपद मिळवतो, कोणीतरी नवी कोरी गाडी भेट देते, पगार वाढतो आणि पत्नीला दिवस जातात. यातली एकही गोष्ट शिल्लक ठेवण्याचे धैर्य लेखकाला झालेले नाही. शेवटी दोन वर्षांनंतरचे दृश्य येते, त्यात मांडणीवर दुसरा करंडक आहे आणि दुसरे मूलही वाटेवर आहे. जिंकलो किंवा हरलो तरी देवाची स्तुती करू, असे हा प्रशिक्षक मुलांना बजावतो खरा, परंतु हरण्याचा तो अर्धा भाग पडद्यावर कधी कसाला लागतच नाही.

'वॉर रूम' हा २०१५ चा चित्रपट याच बंधूंचा असून त्याची सफाई पुष्कळ वाढली आहे. सुमारे ३० लाख डॉलर खर्चाच्या या चित्रपटाने ७ कोटींहून अधिक डॉलर मिळवले. मिस क्लारा नावाची वृद्धा कपड्यांचे कपाट रिकामे करून त्याच्या भिंतींवर प्रार्थनेचे कागद चिकटवते आणि आत बसून प्रार्थना करते, ही कल्पना इतकी साधी आणि घरगुती आहे की महिला मंडळातल्या अनेकींनी दुसऱ्याच दिवशी घरात तशी जागा शोधली असणार. कॅरन ॲबरक्रॉम्बी यांनी ही वृद्धा मिश्किलपणे आणि रुबाबात उभी केली आहे. पण याच चित्रपटात पत्नी घरी प्रार्थना करत असताना, परगावी एका स्त्रीबरोबर जेवायला बसलेल्या पतीच्या पोटात नेमके त्याच घटकेला ढवळून येते. हॉलमध्ये यावर हशा झाला आणि टाळ्याही पडल्या. प्रार्थनेचे असे तात्काळ चलन दाखवले की प्रेक्षक खूश होतो, यात शंका नाही; पण मग ज्यांच्या घरी ते चलन चालले नाही त्यांनी काय समजायचे?

हा प्रश्न माझ्या मनातला नाही, तो चर्चेत प्रत्यक्ष विचारला गेला. मंडळीतल्या एक निवृत्त परिचारिका, ज्यांना सगळे नुसते बाई म्हणतात, उभ्या राहिल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "पाळकसाहेब, आमच्या घरी साहेब आजारी होते तेव्हा प्रार्थना काही कमी झाली नव्हती. तुम्ही सगळेच तर येत होता." पाळकांनी उत्तर द्यायची घाई केली नाही, हे त्यांचे मोठेपण. थोड्या वेळाने त्यांनी प्रेषित पौलाची आठवण करून दिली: शरीरातला काटा निघावा म्हणून त्याने तीनदा विनवणी केली आणि काटा निघाला नाही. पवित्र शास्त्रात निर्दोष असूनही सर्वस्व गमावलेला ईयोब आहे, विलापगीत आहे, गेथशेमाने बागेत येशूला टाळता न आलेला दुःखाचा प्याला आहे. ज्या धर्माच्या केंद्रस्थानी वधस्तंभ आहे त्या धर्माच्या नावाने काढलेल्या चित्रपटात मात्र शेवटी प्रत्येकाचे प्रमोशन व्हावे, ही विसंगती मला अभिनयातल्या किंवा छायाचित्रणातल्या कोणत्याही उणिवेपेक्षा गंभीर वाटते. कृपा ही कमाई नव्हे, असा संदेश आपण दर रविवारी ऐकतो, आणि हे चित्रपट नेमके उलटे शिकवतात: इतके गुडघे टेकले, इतके मिळाले.

याच घराण्यातला २००८ चा 'फायरप्रूफ' त्या मानाने सरस आहे. मोडायला आलेला संसार सावरण्यासाठी अग्निशमन दलातला एक अधिकारी वडिलांनी दिलेल्या वहीप्रमाणे चाळीस दिवस रोज पत्नीसाठी काहीतरी करतो. सुरुवातीचे कित्येक दिवस त्याच्या पदरी अपमानच येतो आणि चित्रपट तो अपमान झाकत नाही. नावेसाठी साठवलेले पैसे तो सासूच्या पलंगासाठी आणि चाकांच्या खुर्चीसाठी गुपचूप देऊन टाकतो, आणि पत्नीला वाटत राहते की ते भलत्याच माणसाने दिले. श्रेय न मिळता केलेले काम दाखवणारी ही दहा-पंधरा मिनिटे संपूर्ण मालिकेत उठून दिसली. शेवट अर्थातच गोडधोड आहे.

ज्या चित्रपटाबद्दल तरुण संघाशी माझे उघड मतभेद झाले तो म्हणजे २०१४ चा 'गॉड्स नॉट डेड'. नास्तिक प्राध्यापक वर्गातल्या प्रत्येकाकडून देव नाही असे लिहून घेतो, एकच विद्यार्थी नकार देतो आणि वर्गासमोर वाद घालतो. वादाची कल्पना उत्तम आहे, पण वाद खरा व्हायचा तर समोरचा माणूस खरा हवा. इथे प्राध्यापकाचा नास्तिकपणा म्हणजे लहानपणी आई गेल्याचा राग एवढेच निघते, आणि शेवटी त्याला रस्त्यात मोटारीची धडक बसते व पावसात भिजत, मरणाच्या दारात, तो देवाला स्वीकारतो. त्याच वेळी पलीकडे संगीताचा जल्लोष चालू असतो. विरोधकाला युक्तिवादाने हरवता आले नाही म्हणून गाडीखाली घालायचे, ही कथानकाची पळवाट आहे आणि दयेच्या धर्माला ती शोभत नाही. चित्रपटातली मुस्लिम मुलगी गुपचूप ख्रिस्ती प्रवचने ऐकते म्हणून बाप तिला मारून घराबाहेर काढतो. त्या बापाला याहून दुसरे काही अस्तित्वच दिलेले नाही. जो ख्रिस्ती नाही तो क्रूर, स्वार्थी किंवा दुःखी, असा एकूण हिशेब मांडलेला आहे.

अमेरिकेत हे कसे पाहिले जाते तो त्यांचा प्रश्न. नाशिकमध्ये मात्र मला ते विशेष खटकले. दर फेब्रुवारीत नाशिकरोडला बाळ येशूची यात्रा भरते, तेव्हा मेणबत्ती घेऊन रांगेत उभे असणाऱ्यांत ख्रिस्ती किती आणि इतर किती, हे कोणी मोजत नाही. मुंबईहून, वसईहून आलेल्या कॅथोलिक कुटुंबाच्या पुढे-मागे हिंदू शेजारी नवस फेडायला उभा असतो. आमच्या हॉलमध्येही शेवटच्या रांगेत असे शेजारी बसले होते. ते आपल्याकडे आपुलकीने आले असताना त्यांना त्यांचीच अशी चित्रे दाखवायची आणि वर आपल्या श्रद्धेची साक्ष दिली असे समजायचे, हे मला पटले नाही. तरुण संघाच्या अध्यक्षाने, तो माझ्या भाच्यासारखाच आहे, उत्तर दिले की कॉलेजात त्याला श्रद्धेवरून टोमणे ऐकावे लागतात आणि या चित्रपटाने त्याला बोलायचे बळ दिले. ते मी नाकारत नाही. पण ज्या वादात समोरच्याचे म्हणणे पुरते मांडलेलेच नाही, त्या वादातून मिळालेले बळ कॉलेजच्या पहिल्याच खऱ्या प्रश्नाला पुरणार नाही, हे त्याला मी तेव्हाही सांगितले.

गुड फ्रायडेच्या आदल्या संध्याकाळी मेल गिब्सन यांचा २००४ चा 'द पॅशन ऑफ द ख्राइस्ट' होता. अरामी, हिब्रू आणि लॅटिन संवादांचा, ६० कोटींहून अधिक डॉलर मिळवणारा हा चित्रपट कारागिरीच्या बाबतीत या यादीतल्या इतरांपेक्षा कित्येक पावले पुढे आहे. फटक्यांचे दृश्य मात्र इतके लांबते की एका टप्प्यानंतर दुःख संपते आणि नुसती सहनशक्तीची परीक्षा उरते. माझ्या मते या चित्रपटाचा आत्मा त्या रक्तात नसून मरियेच्या धावण्यात आहे. येशू क्रूसासह कोसळतो, आणि तिला लहानपणी अंगणात पडलेला मुलगा आठवतो. ती तेव्हाही धावली होती आणि आताही धावते. हॉलमध्ये त्या क्षणी ज्या स्त्रिया रडल्या त्यांना फटक्यांनी रडवलेले नव्हते. पुनरुत्थानाला मात्र जेमतेम काही क्षण मिळतात. ज्या मंडळींत गुड फ्रायडेला येशूच्या वधस्तंभावरच्या सात उद्गारांवर तीन तास मनन होते आणि तितक्याच उत्साहाने ईस्टरची पहाट साजरी होते, त्यांना हा तोल चुकलेला जाणवेल.

जुन्या चित्रपटांबद्दल थोडक्यात. लूककृत शुभवर्तमानावर आधारलेला १९७९ चा 'जीझस' जगातल्या दोन हजारांहून अधिक भाषांत पोहोचला आहे. तो प्रामाणिक आणि सावध आहे, आणि डबिंगमुळे सगळी पात्रे एकाच खोलीत बसून वाचन करत असल्यासारखी वाटतात. १९७८ च्या 'करुणामयुडु' या तेलुगू चित्रपटाचे हिंदी रूप असलेला 'दयासागर' आजही वडीलधाऱ्यांना अधिक जवळचा वाटतो. त्यात विजयचंदर यांनी केलेला येशू आपल्या पौराणिक चित्रपटांच्या परंपरेतून आलेला आहे, आणि गावोगावी पडदा लावून तो पाहिलेल्या पिढीला त्यातल्या भडक रंगांचे काहीही वाटत नाही.

या परंपरेचा उल्लेख आला की नाशिककराला दादासाहेब फाळके आठवणारच. त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या आणि १९४४ साली नाशिकमध्येच देह ठेवलेल्या फाळक्यांनी १९११ साली मुंबईत ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट पाहिला आणि पडद्यावर ख्रिस्त दिसत असताना त्यांच्या मनात राम आणि कृष्ण उभे राहिले. १९१३ चा 'राजा हरिश्चंद्र' त्यातूनच पुढे आला. म्हणजे श्रद्धेचा चित्रपट परधर्मीयाच्याही मनात काही पेटवू शकतो, याचा सर्वांत मोठा दाखला आपल्याच गावचा आहे. पुढे १९३६ साली प्रभातच्या दामले-फत्तेलाल यांनी 'संत तुकाराम' काढला आणि दुसऱ्या वर्षी तो व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेला. त्या चित्रपटात चमत्कार काही कमी नाहीत. पण आजारी पोराला ओढत देवळात नेऊन हातातली वहाण विठोबावर उगारणारी जिजाई त्यात आहे, आणि तिचे भांडण लेखकाने मनापासून लिहिले आहे. शिवाजी महाराजांनी पाठवलेला नजराणा तुकाराम परत करतात, तेव्हा घरात खायला काही नाही हे सांगायला जिजाई समोर उभी असते. 'फेसिंग द जायंट्स'मधली नवी कोरी गाडी इथे आली असती तर परतच गेली असती. मराठी ख्रिस्ती प्रेक्षकाने आपल्या चित्रपटांना ही कसोटी लावायला हरकत नाही: ज्याला देवाकडून काही मिळाले नाही त्याचे म्हणणे चित्रपटात पूर्ण ऐकू येते का?

या कसोटीला उतरलेले काम आमच्या मालिकेत एकच होते, आणि ते चित्रपट नसून येशूच्या जीवनावरच्या एका धारावाहिकेचा भाग होता. डॅलस जेन्किन्स यांच्या 'द चोझन'ची उभारणी प्रेक्षकांनी दिलेल्या पैशांतून झाली. पहिल्या पर्वासाठीच १ कोटीहून अधिक डॉलर जमले. तिच्या तिसऱ्या पर्वाच्या दुसऱ्या भागात येशू बाराही शिष्यांना जोडीजोडीने पाठवतो आणि रोग बरे करण्याचे सामर्थ्य देतो. धाकटा याकोब लंगडा आहे. बाकीचे निघून गेल्यावर तो मागे थांबतो आणि विचारतो की मला तुम्ही बरे केलेले नाही, मग मी इतरांना कसे बरे करायचे? येशू त्याला बरे करत नाही. बरे झालेल्याची साक्ष चांगलीच, पण बरे न होताही देवावर विश्वास ठेवणाऱ्याची साक्ष वेगळ्याच वजनाची असते, अशा आशयाचे तो बोलतो. याकोबाचे काम करणारे जॉर्डन वॉकर रॉस यांना प्रत्यक्षातच सेरेब्रल पाल्सी आहे, त्यामुळे पडद्यावरची ती चाल अभिनयाची नाही. येशूचे काम करणारे जोनाथन रूमी यांनी उत्तर देण्यापूर्वी घेतलेला वेळ आणि त्यांच्या चेहऱ्यावरची माया पाहण्यासारखी आहे. चर्चेच्या वेळी बाई त्या दिवशी काही बोलल्या नाहीत. चहा घेताना मात्र हा भाग मोबाईलवर कसा लावायचा, हे त्यांनी मुलांकडून शिकून घेतले. ('द चोझन'मधले विनोद काहींना उथळ वाटतात, आणि प्रत्येक पर्वात पाणी घातल्यासारखे दोन-तीन भाग असतात, हेही नमूद केले पाहिजे.)

भारतीय निवडीत 'द फेस ऑफ द फेसलेस' हा २०२३ चा हिंदी चित्रपट होता. मध्य प्रदेशात आदिवासींमध्ये काम करणाऱ्या सिस्टर राणी मारिया यांची १९९५ च्या फेब्रुवारीत बसमध्ये हत्या झाली. मारेकऱ्याला त्यांच्या धाकट्या बहिणीने, ज्या स्वतःही सिस्टर आहेत, तुरुंगात जाऊन राखी बांधली. २०१७ साली इंदूरमध्ये राणी मारिया यांना धन्यपद, म्हणजे संतपदाच्या आधीची पायरी, देण्यात आले. या घटनाच इतक्या थोर आहेत की दिग्दर्शकाने पार्श्वसंगीत थोडे आवरले असते तर बरे झाले असते, पण राणी मारिया झालेल्या विन्सी अलोशियस यांचे काम मनात राहते. क्षमा हा शब्द इतर चित्रपटांत पन्नासदा येतो. इथे ती करायला किती कठीण असते हे दिसते.

मालिकेत नसलेला, पण असायलाच हवा होता असा एक फ्रेंच चित्रपट आहे: झाविए बोव्वा यांचा २०१० चा 'ऑफ गॉड्स अँड मेन'. अल्जीरियातल्या तिभिरीन मठातील सात साधूंना १९९६ साली पळवून नेऊन मारण्यात आले. आसपास हत्याकांडे चालू असताना मुस्लिम शेजाऱ्यांना सोडून जायचे की राहायचे, यावर हे साधू वाद घालतात, घाबरतात, मत बदलतात. एक जण रात्री खोलीत देवाला हाका मारतो, भिंतीपलीकडे इतरांना ते ऐकू जाते, आणि उत्तर येत नाही. शेवटच्या जेवणाच्या वेळी वृद्ध वैद्य साधू वाइनच्या दोन बाटल्या आणतो, टेपवर चायकॉव्हस्कीचे संगीत लावतो आणि कॅमेरा एकेका चेहऱ्यावरून फिरतो. आधी हसू, मग अश्रू. कोणी एक शब्द बोलत नाही, आणि शुभवर्तमानाचा याहून स्पष्ट संदेश मला पडद्यावर क्वचितच मिळाला आहे.

मराठीत असा चित्रपट का नाही, हे विचारायलाच हवे, कारण ऐवज आपल्याकडे आहे. नाशिकजवळच्या जलालपूरला जन्मलेल्या लक्ष्मीबाई टिळकांनी 'स्मृतिचित्रे'त पतीच्या १८९५ मधल्या धर्मांतरानंतरचा आपला संताप, सोवळेओवळे सुटतानाची घालमेल आणि स्वतःच्या फजित्या इतक्या निर्मळपणे लिहिल्या आहेत की त्यात प्रचाराला जागाच उरत नाही. विजया मेहता यांनी दूरदर्शनसाठी त्यावर काम केले होते. मोठ्या पडद्यावर ते पुन्हा यायला हवे, आणि त्यासाठी लागणारा पैसा ऑल्बनीच्या एका चर्चने जमवला तसा नाशिक, नगर, पुणे आणि मुंबईच्या मंडळ्यांना जमवता येणार नाही असे नाही.

आता व्यवस्थेबद्दल. हॉल स्वच्छ होता, वेळ पाळली गेली आणि चर्चा पाळकांनी प्रवचन न करता चालवली, याचे पूर्ण श्रेय द्यायला हवे. प्रोजेक्टरचे चित्र मात्र पडद्याच्या खालच्या कडेबाहेर जात होते, त्यामुळे उपशीर्षकाची दुसरी ओळ पहिल्या रांगेतल्यांच्या डोक्यांवर उमटत होती. 'द पॅशन'सारख्या चित्रपटात याने निम्मा संवाद बुडाला. आवाज एकाच स्पीकरमधून येत होता आणि पंख्याच्या घरघरीत हळू बोललेले काही कळत नव्हते. लहान मुलांना 'द पॅशन'च्या वेळी बाहेर बसवण्याची सोय हवी होती. ती न केल्याने दोन-तीन आयांना मध्येच उठावे लागले.

पुढच्या वर्षीसाठी तरुण संघाने नावे मागवली आहेत. मी 'ऑफ गॉड्स अँड मेन', 'फायरप्रूफ' आणि 'संत तुकाराम' अशी तीन दिली. तिसऱ्यावर समितीत खडाजंगी होणार हे ठाऊक आहे, म्हणून चर्चेसाठी अर्ध्याऐवजी एक तास ठेवावा, असेही त्याच कागदावर लिहिले आहे.